मोरी : एक नाव, दोन वंशावळी

मराठी माणसाच्या कानावर 'मोरी' हा शब्द पडला की त्याला प्रथम आठवते ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील भांडी घासण्याची जागा. तळकोकणातील माणूस असेल तर त्याला मोरीचे कालवण आठवेल. परंतु जगाच्या पाठीवर लाखो माणसे अशी आहेत की ज्यांचे हे आडनाव आहे आणि ते ती अभिमानाने लावतात. आश्चर्य असे की ही माणसे मुख्यत्वे दोन देशांत आढळतात आणि ते दोन देश एकमेकांपासून जवळजवळ दहा हजार किलोमीटर दूर आहेत : इटली आणि जपान.

सिसिलीतील गुन्हेगारी टोळ्यांना जेरीस आणणारे आणि 'पोलादी प्रीफेक्ट' म्हणून गाजलेले चेझारे मोरी इटालियन. २००० ते २००१ या काळात जपानचे पंतप्रधान असलेले योशिरो मोरी जपानी. १९९० साली गणितातील सर्वोच्च समजले जाणारे फील्ड्स पदक मिळविणारे शिगेफुमी मोरी हेही जपानीच. पण त्यांनी ज्या शाखेत काम केले तिचा पाया विसाव्या शतकाच्या आरंभी इटालियन भूमितीकारांनी घातला होता. रोमन लिपीत ही सारी नावे अगदी एकसारखी लिहिली जातात. मग यांचे पूर्वज एक असतील काय? एखादा इटालियन खलाशी जपानच्या किनाऱ्याला लागला आणि तेथेच स्थायिक झाला, असे काही घडले असेल काय? असे प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. नावावरून रक्त ओळखण्याचा मोह फार जुना आहे. या बाबतीत मात्र उत्तर स्पष्ट आहे : तसे काही नाही. दोन्ही नावे आपापल्या मातीत, एकमेकांना न विचारता उगवली. तरीही ती कशी उगवली आणि कोणाच्या हाताने वहीत लिहिली गेली, हे पाहू लागलो की इतिहासाचा जो पट उलगडतो तो आपल्यालाही परका राहत नाही.

प्रथम इटली. 'मोरो' म्हणजे सावळा, काळ्या वर्णाचा. लॅटिनमधील 'माउरुस' म्हणजे उत्तर आफ्रिकेतील मॉरितानियाचा रहिवासी. त्यावरून हा शब्द आला. 'मोरी' हे त्याचे अनेकवचन. रोस्सी म्हणजे तांबूस, बियांकी म्हणजे गोरे, तसे मोरी म्हणजे सावळे. मूळ पुरुषाला 'मोरो' म्हणत असतील तर त्याचे सारे घराणे 'मोरी' झाले. आपल्याकडे काळे आणि गोरे ही आडनावे आहेतच. संत बेनेडिक्ट यांचे शिष्य संत माउरुस यांच्यामुळे 'माउरो', 'मोरो' ही नावे स्नानसंस्काराच्या वेळी मुलांना ठेवण्याचीही प्रथा पडली, म्हणून प्रत्येक मोरी घराण्याचा मूळ पुरुष काळासावळा होता असेही म्हणता येत नाही. पालेर्मो येथे १५८९ साली निवर्तलेले आणि १८०७ साली संतपदास पोहोचलेले संत बेनेडिक्ट यांना मात्र 'मोरो' म्हटले गेले ते त्यांचे आईवडील आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते म्हणून. दुसरीकडे, लिओनार्दोकडून 'शेवटचे भोजन' हे जगप्रसिद्ध चित्र काढून घेणारा मिलानचा सरदार लुदोविको स्फोर्झा हाही 'इल मोरो' म्हणूनच ओळखला जाई. इटालियन भाषेत तुतीच्या झाडालाही 'मोरो' म्हणतात आणि हा सरदार ते झाड आपले चिन्ह म्हणून मिरवीत असे. एकाच शब्दात गुलामाचा मुलगा आणि राज्यकर्ता शेजारी बसले आहेत. लॅटिनमध्ये तर 'मोरी' म्हणजे मरणे. 'मेमेंतो मोरी', मरण ध्यानी ठेव, हे वचन आपल्या जुन्या धर्मगुरूंच्या तोंडी असे. अर्थात आडनावाचा त्या मरणाशी काही संबंध नाही.

जपानी भाषेत 'मोरी' म्हणजे रान, गर्द झाडी. हा शब्द ज्या चित्रलिपीत लिहितात तिच्यात झाडाचे चिन्ह तीनदा काढलेले असते : एक वर आणि दोन खाली. झाडाचे एक चिन्ह म्हणजे झाड, दोन म्हणजे वनराई आणि तीन म्हणजे अरण्य. जपानमधील सर्वांत प्रचलित अशा पहिल्या तीसेक आडनावांत त्याची गणना होते. पण याच्याच शेजारी दुसरे एक 'मोरी' आहे आणि त्याचा ओकार लांब आहे. हे घराणे सरदारांचे. सागामी प्रांतातील याच नावाच्या जहागिरीवरून त्यांनी आपले नाव घेतले आणि त्याची चिन्हेही निराळी आहेत. जपानी माणसाला या दोन नावांत काडीमात्र गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो रोमन लिपीत, कारण तेथे लांब ओकाराची खूण बहुधा गाळली जाते. १९९२ साली अंतराळात गेलेले मामोरू मोरी यांनी आपला ओकार लांब आहे हे दाखविण्यासाठी रोमन अक्षरांत मध्ये एक 'ह' घातला. म्हणजे आपण ते नाव अक्षरशः वाचले तर 'मोहरी' होईल. मोरीतून सुटका होऊन फोडणीत पडावे, तसा हा प्रकार!

दोन इतक्या भिन्न भाषांत सारखी नावे उपजावीत यामागे एक साधे कारण आहे. दोन्ही भाषांतील बहुतेक शब्द स्वरान्त असतात, आणि जपानीतील अ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर इटालियन स्वरांच्या फार जवळचे आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनरी डॉ. हेपबर्न यांच्या नावाने जपानी भाषा रोमन लिपीत लिहिण्याची जी पद्धत रूढ झाली तिचे सूत्रच असे सांगतात की व्यंजने इंग्रजीप्रमाणे वाचावीत आणि स्वर इटालियनप्रमाणे. पण जपानी शब्द रोमन लिपीत प्रथम लिहिले ते त्यांच्याही तीनशे वर्षे आधी येशूसंघीय धर्मगुरूंनी. इटलीतील किएती गावचे फादर आलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी १५८२ साली चार जपानी मुलांना युरोपच्या यात्रेस पाठविले. ती मुले गोव्यावरूनच गेली आणि गोव्यावरूनच परतली. परतीच्या वाटेवर १५८७ साली त्यांच्यातील मार्तिन हारा याने गोव्यात लॅटिनमधून जे भाषण केले ते पुढील वर्षी गोव्यातच छापले गेले. त्यांच्याबरोबर आलेला छापखाना १५९० मध्ये जपानला पोहोचला आणि जपानी भाषेतील पुस्तके रोमन अक्षरांत निघू लागली.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. नाव जिभेवर असते तोवर ते वाऱ्यासारखे असते. आज एक, उद्या दुसरे. ते स्थिर होते ते कोणीतरी वहीत लिहून ठेवल्यानंतर. इटलीत ही वही चर्चची होती. फ्लॉरेन्सच्या स्नानमंदिरात चौदाव्या शतकात एक गमतीदार रीत होती. मुलाचा स्नानसंस्कार झाला की धर्मगुरू एक काळी शेंगबी बाजूला टाकीत आणि मुलीचा झाला की पांढरी. वर्षाअखेर त्या मोजल्या की शहरात किती मुलगे आणि किती मुली झाल्या हे कळे. बियांना नाव नसते. १४५० पासून मात्र तेथील स्नानसंस्काराच्या लेखी नोंदी आजवर जपून ठेवलेल्या आहेत. पुढे त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामात विवाहाची व स्नानसंस्काराची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. हेतू सरळ होता. कोण कोणाचा धर्मपिता, कोणाचे कोणाशी नाते आहे, कोणाचा विवाह आधी झालेला आहे, हे कळावे. गुप्त विवाह आणि निषिद्ध नात्यातील विवाह टळावेत. पण गावात दहा जुझेप्पे आणि पंधरा मारिया असतील तर धर्मगुरू तरी काय करणार? तो पुढे लिहिणार : मोरोच्या घरचा. अशा रीतीने तोंडी टोपणनाव शाईत उतरले आणि पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहिले.

जपानमध्येही वही आली, परंतु तिचा हेतू नेमका उलटा होता. सतराव्या शतकात तोकुगावा सरकारने ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी घातली. विशेषतः १६३७-३८ च्या शिमाबारा येथील उठावानंतर प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बौद्ध मंदिरात आपले नाव नोंदवून 'हे ख्रिस्ती नाहीत' असा दाखला मिळवावा लागे. १६७१ पासून अशा नोंदी दरवर्षी करणे सक्तीचे झाले. कित्येक ठिकाणी, विशेषतः क्युशू बेटावर, लोकांना ख्रिस्ताची वा पवित्र मातेची प्रतिमा पायाखाली तुडवावी लागे आणि मग वहीत खूण होई. सामान्य शेतकऱ्याला अधिकृतपणे आडनाव लावण्याची मुभा नसल्यामुळे त्या वह्यांत सहसा नुसतेच नाव असे : अमक्याचा मुलगा तमका. इटलीत वहीने माणसाला चर्चच्या कुटुंबात घेतले. जपानमध्ये वहीने त्याला चर्चपासून तोडल्याची ग्वाही दिली. दोन्ही वह्या आज इतिहास-संशोधकांना सारख्याच मोलाच्या वाटतात, पण त्या हातात घेताना हा फरक विसरता येत नाही.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर प्राणार्पण केले तेव्हा या वह्या अद्याप सुरू झालेल्या नव्हत्या. पण छळाची सुरुवात झाली होती. त्यांच्यासह सव्वीस रक्तसाक्ष्यांपैकी वीस जण जपानी होते. पित्याकडून पोर्तुगीज आडनाव, मातेकडून वसईची माती, आणि जपानी भाषेवर असे प्रभुत्व की फ्रान्सिस्कन धर्मगुरू त्यांनाच दुभाषी म्हणून सोबत घेत. या माणसाला कोणत्या एका वहीत बसवायचे?

लांब ओकाराच्या मोरी घराण्याची आणि ख्रिस्ती श्रद्धेची गाठ फार लवकर पडली. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५५१ मध्ये यामागुची नगरात सुवार्तेचे कार्य जोमाने सुरू केले ते तेथील ओउची सरदाराच्या आश्रयाने. पुढे १५५७ साली मोतोनारी मोरी याने हा प्रदेश जिंकून घेतला आणि तो आश्रय संपला. या मोतोनारीची एक कथा जपानमधील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याने आपल्या तीन मुलांना एकेक बाण मोडायला दिला, तो मोडला. मग तीन बाण एकत्र बांधून दिले, ते मोडेनात. आपल्याकडे हीच गोष्ट काठ्यांच्या मोळीची सांगतात. १९९२ मध्ये हिरोशिमाच्या फुटबॉल संघाने या कथेवरून नाव घेतले 'सानफ्रेच्चे'. यातील 'सान' म्हणजे जपानीत तीन आणि 'फ्रेच्चे' म्हणजे इटालियनमध्ये बाण! मोरी घराण्याच्या कथेला अर्धे जपानी आणि अर्धे इटालियन नाव मिळाले. दोन्ही देशांच्या मोरींना खरोखर जोडणारा धागा शोधायचाच असेल तर तो असा, फुटबॉलच्या मैदानावर सापडतो.

मोतोनारीचा नातू तेरुमोतो याच्या काळात मात्र गोष्ट गोड राहिली नाही. त्याच्या पदरी मेल्कियोर मोतोनाओ कुमागाई नावाचा मातबर सरदार होता, आणि तो ख्रिस्ती होता. श्रद्धा सोडण्यास त्याने नकार दिला. हागीच्या किल्ल्याच्या बांधकामावरून तंटा झाला, तो निमित्ताला पुरला. ऑगस्ट १६०५ मध्ये धन्याच्या हुकमाने त्याचा वध झाला. तीनच दिवसांनी यामागुची येथे दामियान नावाच्या एका अंध धर्मशिक्षकालाही मारण्यात आले. धर्मगुरू नसताना तेथील ख्रिस्ती समाज याच आंधळ्या माणसाने सांभाळला होता. त्याला ना जहागीर ना आडनाव. आपण त्याला त्याच्या स्नानसंस्काराच्या नावानेच ओळखतो. २४ नोव्हेंबर २००८ रोजी नागासाकी येथे जपानच्या १८८ रक्तसाक्ष्यांना धन्य घोषित करण्यात आले तेव्हा सरदार मेल्कियोर आणि अंध दामियान यांची नावे एकाच यादीत वाचली गेली.

अडीचशे वर्षे गेली. १८६५ मध्ये नागासाकीजवळच्या उराकामी गावातील गुप्त ख्रिस्ती लोक फ्रेंच धर्मगुरूंपुढे प्रकट झाले, आणि १८६८ पासून नव्या मेइजी सरकारने त्यांना हद्दपार करण्यास आरंभ केला. पहिल्या तुकडीत ११४ पुरुष होते. त्यांतील ६६ जणांना हागीला, म्हणजे त्याच मोरी सरदारांच्या मुलखात, पाठविले. २८ जणांना त्सुवानो या डोंगरातील लहानशा संस्थानात. पुढे बायकामुलेही तेथे आली आणि त्सुवानोतील कैद्यांची संख्या १५३ झाली. उपाशी ठेवणे, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यात ढकलणे, जेमतेम नव्वद सेंटिमीटर लांबीरुंदीच्या पिंजऱ्यात कोंडणे, असे प्रकार तेथे झाले. सदतीस जण दगावले. त्यांच्यात युजिरो नावाचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता. त्याचा थोरला भाऊ जिन्झाबुरो वाचला आणि त्याच्या आठवणींमुळेच आज आपल्याला हे सारे ठाऊक आहे. पुढे ही भावंडे मोरियामा या आडनावाने ओळखली गेली. या नावातील 'मोरी' आणखी निराळे. ते ज्या चिन्हाने लिहितात त्याचा अर्थ राखणे, जपणे असा आहे.

याच त्सुवानो गावात त्या वेळी सहा वर्षांचा एक मुलगा राहत होता, रिनतारो मोरी. रानाच्या चिन्हाचा हा मोरी. त्याचे घराणे संस्थानिकांच्या राजवैद्यांचे. १८६९ पासून तो संस्थानच्या शाळेत शिकू लागला आणि १८७२ मध्ये वडिलांबरोबर टोकियोला गेला. हाच मुलगा पुढे ओगाई मोरी या नावाने आधुनिक जपानी साहित्याचा एक आधारस्तंभ झाला. गाव एक, वर्षे तीच. टेकडीवरच्या ओसाड मंदिरात युजिरो आणि गावात शाळेला जाणारा रिनतारो. दोघांची कधी दृष्टभेट झाली की नाही हे इतिहास सांगत नाही, आणि आपणही ती कल्पनेने घडवू नये.

१८७३ मध्ये बंदीचे फलक उतरविले गेले आणि उराकामीचे लोक घरी परतले. देशभरात हद्दपार झालेल्या तेहतीसशेहून अधिक माणसांपैकी सहाशेवर माणसे तोवर मरण पावली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, सरकारने प्रत्येक नागरिकाला आडनाव सक्तीचे केले. सामान्यांना ते लावण्याची परवानगी १८७० मध्येच मिळाली होती, पण लोक उत्साह दाखवीनात. सरकारला तर सैन्यभरतीसाठी आणि करांसाठी याद्या हव्या होत्या. कित्येकांकडे घरगुती आडनाव आधीपासून होते, ते त्यांनी लिहून दिले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी गावच्या प्रमुखाला वा मंदिराच्या पुरोहिताला विचारले, नाहीतर घरामागे दिसले ते सांगितले : शेत, ओढा, डोंगर, रान. तेव्हा आजच्या जपानी मोरींपैकी पुष्कळांचे नाव एवढ्या अलीकडचे आहे.

इटलीत याच सुमारास पाव्हिया शहरातील अनाथाश्रमात एक मुलगा वाढत होता. १८७१ मध्ये जन्मलेल्या या मुलाला त्याच्या जन्मदात्यांनी कायदेशीररीत्या आपला म्हटले ते १८७९ मध्ये, आणि सातआठ वर्षांचा झाल्यावर त्याला वडिलांचे आडनाव मिळाले. हेच ते चेझारे मोरी. १९२५ ते १९२९ या काळात पालेर्मोचे प्रीफेक्ट असताना त्यांच्या नावाने माफियाला कापरे भरे. त्यांच्या कठोर उपायांत निरपराध माणसेही भरडली गेली, हे येथे नमूद केले पाहिजे. पण ज्या नावाचा एवढा दरारा होता ते त्यांनाही जन्माबरोबर मिळालेले नव्हते.

हे वाचताना आपल्या धर्मग्रामातील वाचकांना स्वतःच्या आडनावाची आठवण झाली असेल. पोर्तुगीज अमदानीत, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, वसईच्या आपल्या पूर्वजांनी डिसोजा, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज ही नावे घेतली ती स्नानसंस्काराच्या वेळी, धर्मपित्यांची वा धर्मगुरूंची म्हणून. रक्त येथलेच, भाषा येथलीच, वाडी-बावखलेही येथलीच. 'तुम्ही पोर्तुगीजांचे वंशज का?' असा प्रश्न आजही कोणी विचारतो तेव्हा त्याला हा मोरींचा दाखला द्यावा. 'तुस्कानो' या नावाचा मूळ अर्थ तर टस्कनी प्रांताचा रहिवासी असा आहे, आणि त्या टस्कनीत इटालियन मोरींची घरे पुष्कळ आहेत. म्हणून आमच्या तुस्कानो मंडळींनी तेथे भाऊबंद शोधायला जाण्याचे कारण नाही. पाहुणे म्हणून अवश्य जावे.

ओगाई मोरी यांची कथा थोडी राहिली आहे. त्यांनी इटली कधी आपल्या लेखनाचा विषय केला नाही असे नव्हे. रोम आणि नेपल्सच्या पार्श्वभूमीवर हान्स अँडरसनने लिहिलेल्या एका कादंबरीचे त्यांनी जर्मनवरून जपानीत भाषांतर केले. १८९२ पासून १९०१ पर्यंत हे काम चालले होते आणि त्यातूनच जपानी तरुणांच्या एका पिढीने इटली मनाने पाहिली. स्वतः लेखक पुढे सैन्याच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख झाले. पदव्या, पदके, मानमरातब सर्व मिळाले. जुलै १९२२ मध्ये मृत्युशय्येवर असताना मात्र त्यांनी मित्राकरवी मृत्युपत्र लिहवून घेतले. आपण इवामी प्रांताचा रिनतारो मोरी म्हणूनच मरू इच्छितो, थडग्यावर नावाखेरीज एकही अक्षर कोरू नये, सरकारी वा लष्करी सन्मानाचा उल्लेख नको, टोपणनावही नको, असे त्यांनी बजावले. त्यांच्या इच्छेचा मान राखला गेला.

त्सुवानोच्या टेकडीवर, जेथे कैद्यांचे ओसाड मंदिर होते तेथे, १९५१ मध्ये पवित्र मरियेचे एक छोटे प्रार्थनामंदिर उभारले गेले. गावातील योमेइजी मंदिराच्या आवारात ओगाईंचे थडगे आहे. त्यावर त्यांच्या नावाची चिन्हे आहेत आणि 'थडगे' हा शब्द. पहिल्या चिन्हात तीन झाडे आहेत, दुसऱ्यात दोन.